थंडीत अडणारी डिझेल गाडी काय सांगते?

जानेवारीतली पहाट. निफाडच्या द्राक्षपट्ट्यात पारा पाच-सहा अंशांवर उतरलेला. माल भरून उभी असलेली पंधरा-वीस वर्षांची पिकअप सेल्फ मारला की नुसती घुरघुरते, सुरू होत नाही. चौथ्या वेळी मागून पांढरा धूर निघतो, पाचव्या वेळी बॅटरीच बसते. मग धक्का द्यायला माणसे जमतात आणि त्यातला एक जण हमखास निदान करतो, 'पंप गेलाय.' पंप हे डिझेल गाडीचे सगळ्यात महागडे दुखणे. कित्येकदा तो खरोखर उतरवला जातो, हजारो रुपये जातात आणि पुढच्या थंड पहाटे गाडी पुन्हा तिथेच अडते. आजार दुसराच असतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यांचे जे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे चाचणीत उतरले, त्याचे तत्त्व सायकलच्या पंपाइतके साधे होते. हवा दाबली की ती तापते. जुन्या इंजिनांत हवा सुमारे वीस पटींनी दाबली जाते आणि तिचे तापमान पाचशे अंशांच्या पुढे जाते. त्यात डिझेलची फवारणी झाली की ते आपोआप पेटते. गंमत अशी, की बाहेरची हवा २० अंशांनी थंड असेल तर दाबलेली हवा हिशेबाने साठ-पासष्ट अंशांनी थंड राहते. शिवाय गारठलेले लोखंड उष्णता शोषते, ऑइल घट्ट होते, बॅटरीचा जोर कमी होतो आणि इंजिन हळू फिरते. हळू फिरले की दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांमधून निसटते. एकाच वेळी चार बाजूंनी उष्णता चोरली जाते.

म्हणून निदानाची सुरुवात पाना हातात घेऊन नव्हे, सायलेन्सरकडे बघून करायची. सेल्फ फिरत असताना पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतोय का? येत असेल तर ते न जळालेल्या डिझेलचे धुके आहे. म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, कमी पडते आहे ती उष्णता. अशा वेळी पंपाला दोष देणे म्हणजे ओल्या लाकडासाठी काडेपेटी बदलण्यासारखे. धूर अजिबात येत नसेल, तर डिझेलच पोहोचत नाही. या दोन वाटा पूर्ण वेगळ्या आहेत.

पांढऱ्या धुराच्या वाटेवर पहिला संशय हीटर प्लगवर घ्यावा. बोटाएवढ्या या प्लगचे टोक किल्ली अर्धी फिरवल्यावर काही सेकंदांत लालबुंद होते आणि सिलिंडरमधल्या थंडीची भरपाई करते. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागून विझला की हीटर ठीक आहेत, असे बहुतेक चालक समजतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो दिवा फक्त वेळ मोजतो. चारही प्लग जळालेले असले तरी तो इमानाने लागतो आणि विझतो. तपासणी सोपी आहे. प्लगना जोडणारी पट्टी सोडवायची आणि मल्टिमीटरने एकेका प्लगचा रोध पाहायचा. चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो, तुटलेला काहीच दाखवत नाही. पट्टी न सोडवता मोजले, तर एका चांगल्या प्लगमुळे बाकीचे मेलेलेही जिवंत भासतात. ही चूक गॅरेजमध्येही होते. एखादाच प्लग गेला असेल तर गाडी सुरू होते, पण मिनिटभर थरथरत धूर सोडते. प्लग ठीक असतील तर त्यांना वीज पोहोचते का, म्हणजे रिले आणि फ्यूज, ते पाहायचे.

काही जुन्या इंजिनांना हीटर नसतातच. तिथे थेट बॅटरी आणि कॉम्प्रेशनकडे वळावे. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी, तिची टोके आणि इंजिनची अर्थिंग आधी तपासावी. आणि इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केटचा विचार करावा. हीटर बदलून ते दुखणे जाणार नाही.

धूरच नसेल तर बहुधा गाडीने एअर घेतलेली असते. पाइपला बारीक चीर असली तर रात्रभरात तिथून हवा शिरते आणि डिझेल मागे टाकीत उतरते. सेल्फ मारण्याआधी फिल्टरवरचा हातपंप दाबून पाहावा. तो कडक होईपर्यंत दाबल्यावर गाडी लगेच उठली, तर चोर सापडला. पाइप आणि वॉशर बदलायचे, पंप नव्हे.

महाराष्ट्रातल्या थंडीत डिझेल गोठल्याची शंका मात्र बहुतेकदा फोल असते. लडाखची गोष्ट वेगळी. तिथे उणे तापमानात डिझेलमधले मेण घट्ट होऊन फिल्टर तुंबतो. म्हणूनच नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने तिथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल आणले.

या साऱ्यात खरा धोका असतो तो घाईच्या उपायांत. एअर फिल्टरपाशी इथरचा फवारा मारणे किंवा पेट्रोलचा बोळा धरणे अनेकांच्या अंगवळणी पडले आहे. इथर दोनशे अंशांच्या आतच पेटते. समोर तापलेला हीटर असेल तर ते पिस्टन वर पोहोचण्याआधीच भडकते. पिस्टन फुटतो, कधी ज्वाला फवारणाऱ्याच्या तोंडावर येते.

दुसरा धोका पत्र्याच्या शेडमधला. गारठा नको म्हणून शटर अर्धे ओढून लोक गाडी सुरू करत बसतात, घरातली मुले शेजारी शेकत उभी असतात. थंड इंजिनाच्या पहिल्या काही मिनिटांत अर्धवट जळालेले डिझेल आणि काजळी सर्वाधिक निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केला. दम्याच्या रुग्णाला तर त्याच सकाळी त्रास होतो. अडणारी गाडी संध्याकाळीच शेडबाहेर, तोंड उताराकडे करून लावलेली बरी. धक्का द्यावा लागला तरी सोपा जातो आणि धूर घरात येत नाही.