पश्चात्ताप : होतो की नाही?



गेल्या शुक्रवारी इथे हफ्र अल बातिनमध्ये आम्ही चार कुटुंबे जमलो होतो. मुले झोपल्यावर 'माफीचा साक्षीदार' (१९८६) लावला. नाना पाटेकरांचा जक्कल पाहून एका वहिनींनी विचारले, "या माणसांना काहीच वाटत नसेल का हो?" मग हळूच म्हणाल्या, "आमचा धाकटाही कधी सॉरी म्हणत नाही." सगळे हसले, पण त्यांची काळजी खरी होती. आम्ही पडलो कॉम्प्युटरवाले, डॉक्टर नव्हे. तरी वाचून जे समजले ते मांडतो.

पहिली गोष्ट, मनोरुग्ण आणि व्यक्तिमत्त्व विकार असलेला माणूस एक नव्हेत. १९६८ साली मुंबईत पकडलेल्या रमण राघवला तीन मानसोपचारतज्ज्ञांनी तपासले. निदान स्किझोफ्रेनियाचे झाले आणि फाशीऐवजी जन्मठेप मिळाली. तो भ्रमात जगत होता. व्यक्तिमत्त्व विकारात वास्तवाचे भान सहसा शाबूत असते. स्वभावाची घडणच वेगळी असते.

त्यातही दोन टोके आहेत. एक थंड टोक, म्हणजे सायकोपथी. अमेरिकेत १९९३ साली ख्रिस्तोफर पॅट्रिक व सहकाऱ्यांनी कैद्यांना भयंकर चित्रे दाखवताना अचानक मोठा आवाज केला. अशा वेळी बहुतेकांची पापणी नेहमीपेक्षा जोरात मिटते. सायकोपथीची लक्षणे असलेल्यांची तशी मिटली नाही. धोक्याचा इशारा त्यांच्या शरीरापर्यंत नीट पोहोचतच नव्हता! दुसरे टोक बॉर्डरलाइन विकाराचे. तिथे भावना कमी नसून अनावर असतात. राग, एकटे पडण्याची भीती क्षणात उसळते. अर्थात असा विकार असलेले बहुतेक लोक गुन्हेगार नसतात, हेही लक्षात ठेवायला हवे.

मग पुण्याचे काय? जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले. जक्कल, सुतार, जगताप आणि मुनव्वर शाह या चौघांना १९८३ साली येरवड्यात फाशी झाली. त्यांना कोणता विकार होता, हे आपण घरबसल्या ठरवू नये. पण त्यांच्यातल्याच मुनव्वर शाहने तुरुंगात 'येस, आय अॅम गिल्टी' हे पुस्तक लिहिले. म्हणजे गुन्हा एकच असला तरी प्रत्येकाच्या मनात तेच चालले असेल असे नाही. नुसत्या कृत्यावरून आतले मन वाचता येत नाही.

आता वहिनींचे उत्तर. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान १८ वर्षांच्या आत करतच नाहीत. मूल सॉरी म्हणत नाही ते बरेचदा लाजेने किंवा भीतीने. मुक्या जनावरांना छळणे, वारंवार चोरी, दुसऱ्याला दुखवून मजा वाटणे, असे सतत दिसले तर मात्र बालमानसोपचारतज्ज्ञांना जरूर दाखवावे. लवकर मदत मिळाली तर बराच फरक पडतो.

आणि हो, त्याच रात्री निघताना वहिनींचा धाकटा झोपेतून उठून आला आणि फोडलेला कप आमच्या हातात देऊन खाली मान घालून उभा राहिला. सॉरी म्हणाला नाही. पण आम्हाला ते ऐकू आले.

आपला अनुभव जरूर कळवा.