आडनावात राहिलेले गाव

माझे आडनाव लांजेवार. महाविद्यालयात प्रवेशअर्ज भरण्याच्या दिवशी शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याने ते माझ्या अर्जावर वाचले, क्षणभर थांबला आणि म्हणाला, “लांजेवार म्हणजे कोण?” प्रश्न व्याकरणाचा नव्हता हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. जोशी, कुळकर्णी यांना हा प्रश्न कोणी विचारीत नाही. उईके, मडावी यांनाही विचारीत नाही. आम्हाला मात्र तो लहानपणापासून परिचयाचा आहे, कारण आमचे आडनाव फक्त एका गावाचे नाव सांगते आणि पुढे गप्प बसते. एकाच गावातून कुणबी निघो, तेली निघो की महार निघो, परगावी गेल्यावर तिघेही त्या गावचेच. विचारणाऱ्याला जे हवे असते ते अशा आडनावात सापडत नाही. मला यात आडनावाचा दोष दिसत नाही, गुणच दिसतो.

तर हे गाव म्हणजे लांजी. आज ते मध्यप्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात आहे. आमगावाहून निघून सीमा ओलांडली की थोड्याच वेळात लांजीचा जुना किल्ला दिसतो. आमचे मूळ घराणे तिथले, असे आमच्या घरी पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. कधी निघाले, का निघाले, हे मात्र कोणी सांगत नाही. लांजी हे नाव लहानसहान नव्हे. रतनपूरच्या कलचुरी घराण्यातील पहिल्या जाजल्लदेवाचा एक शिलालेख आहे, कलचुरी संवत ८६६, म्हणजे इ. स. १११४ चा. त्याला वार्षिक खंडणी देणाऱ्या प्रदेशांची यादी त्यात कोरलेली आहे. त्या यादीत वैरागर, लांजिका आणि भाणार ही तीन नावे लागोपाठ येतात. वैरागर म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड, भाणार म्हणजे भंडारा आणि लांजिका म्हणजे आमची लांजी. माझ्या वर्गात एक वैरागडे आहे. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी दगडावर शेजारी कोरलेली दोन नावे आज आमच्या हजेरीपटावर पुन्हा एकत्र आली आहेत! हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याने परीक्षेला येणार का, एवढेच विचारले.

पुढे गोंड राजे आले, भोसले आले. भोसल्यांच्या काळी या भागाचा कारभार लांजीहून चाले. १८२०-२१ च्या सुमारास मुख्य ठाणे भंडाऱ्याला हलले. कचेरी हलली की कारकून, शिपाई, तेलीतांबोळी, सगळेच तिच्यामागे चालू लागतात, हे सांगायला इतिहासाचा पंडित नको. १८६७ मध्ये बालाघाट हा नवा जिल्हा निघाला. तरी लांजी आणि भंडारा एकाच मध्यप्रांतात होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि गाव एका राज्यात, गावाचे आडनाव दुसऱ्या राज्यात असे झाले. १९९९ च्या १ मे ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. आडनाव मात्र कोणत्याही राजपत्राने बदलले नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. गावाचे आडनाव गावात पडत नाही. ज्या गावात सगळेच लांजीचे, तिथे एकाला ‘लांजीवाला’ म्हणून हाक मारण्यात काय अर्थ? ते नाव पडते दुसऱ्या गावच्या वेशीत, नव्या आलेल्या माणसाला ओळखण्यासाठी. म्हणून अशा आडनावाचा अर्थ ‘तिथे राहणारा’ असा नसून ‘तिथून निघून गेलेला’ असा आहे. ही आडनावे आज जिथे दाट सापडतात ती जागा म्हणजे मूळ गाव नव्हे, तर मूळ गावापासून चार-दोन दिवसांच्या बैलगाडीच्या वाटेवरचा मुलूख. रामटेके रामटेकापासून दूर ब्रह्मपुरीकडे भेटतात, ते याच न्यायाने.

प्रत्यय मात्र मुलखामुलखाचा वेगळा. कोकणात आणि घाटावर सरळ ‘कर’ लागतो. रत्नागिरी जिल्ह्यात लांजे नावाचे गाव आहे. तिथला माणूस लांजेकर. आमच्या विदर्भात ‘कर’ आहेच, पण पुष्कळदा नुसता एकार पुरतो: रामटेक–रामटेके, नागपूर–नागपुरे, तुमसर–तुमसरे. आणि तिसरा हा आमचा ‘वार’. तेलुगूत ‘वारु’ हे आदरार्थी बहुवचन घराण्याच्या नावापुढे लागते, आणि तेलुगू मुलखाला लागून असलेल्या चंद्रपूर, गडचिरोली, नांदेड या भागांत ‘वार’ने संपणारी आडनावे विपुल आहेत. आमचा ‘वार’ त्याच दिशेने आला, असे मी धरून चालतो. पण प्रत्ययावर फार विसंबू नये. मालवणात जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा भंडारा जिल्ह्याशी काही संबंध नाही. त्यांच्या आडनावात भांडार, म्हणजे खजिना आहे. आमच्याकडच्या पोवारांतले तुरकर हेही ऐकायला गावाचे नाव वाटते. पण बिसेन, पटले, कटरे, रहांगडाले यांच्याप्रमाणे ते कुळाचे नाव आहे. चांदेकरांची आणखी निराळी गंमत. चांद्याचे चंद्रपूर झाले, पण चांदेकर चंद्रपूरकर झाले नाहीत.

हे सारे माझ्या डोक्यात घोळत असतानाच वसतिगृहातील माझा मित्र मडावी मला माघ पौर्णिमेला कचारगडला घेऊन गेला. गोंदियाहून डोंगरगडच्या दिशेने जाणाऱ्या गाडीने दरेकसा स्टेशनवर उतरायचे, धनेगाव गाठायचे आणि मग डोंगराची वाट चढायची. सालेकसा तालुक्यातला हा भाग जंगलाचा. एरवी निर्जन असलेल्या त्या वाटेवर यात्रेच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. महाराष्ट्र, मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा अशा ठिकठिकाणांहून गोंड समाज येतो. यात्रेचे आजचे संघटित रूप १९८० नंतरच्या दशकातले असले तरी श्रद्धा फार जुनी आहे. कली कंकालीची तेहतीस मुले या गुहेत कोंडली गेली होती, पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांना सोडविले, आणि गुहेच्या तोंडावरची शिळा हिरासुका पाटालीर याच्या किंगरीच्या सुरांनी हलली, पण तीच त्याच्या अंगावर आली, अशी ही कथा आहे. सुटलेल्या मुलांतून गोंडांची कुळे झाली. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचे गीत गोळा केले होते. त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी ते छापले. त्या गीतात काचीकोपा लोहागड असे स्थळ येते. ते हेच, असे यात्रेकरू मानतात.

गुहेजवळ मडावीच्या गावचे एक आजोबा भेटले. ‘जय सेवा’ झाले. मडावीने माझी ओळख करून दिली. मी सवयीप्रमाणे गावाचे नाव सांगायला तोंड उघडले, तोच त्यांनी विचारले, “देव किती बाबू तुमचे?” मला काही समजले नाही. आमच्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक धरून सात-आठ मूर्ती असतील; मी तसे सांगितले. आजोबा मनापासून हसले. मडावी माझी बाही ओढत होता.

परतीच्या वाटेवर त्याने समजावले. गोंडांत प्रत्येक कुळ चार, पाच, सहा किंवा सात देवांच्या गटात मोडते. ज्यांच्या देवांची संख्या सारखी ते एकमेकांचे भाऊ. त्यांच्यात सोयरीक होत नाही. पूर्ण कुळांची संख्या साडेसातशे मानतात, म्हणूनच यात्रेतल्या झेंड्यांवर आणि फलकांवर ७५० हा आकडा दिसतो. प्रत्येक कुळाचे झाड, प्राणी, पक्षी ठरलेले. त्यांना इजा करायची नाही. म्हणजे मडावी या आडनावात गाव नाही. माझे आडनाव ‘कुठून निघालास’ हे सांगते. त्याचे आडनाव ‘कोणाचा भाऊ’ हे सांगते. त्याच दिवशी मंडल्याकडचे एक मरावी भेटले. राज्य वेगळे, बोलण्याची धाटणी वेगळी, पण पाच मिनिटांत दोघे भाऊ ठरले. महाराष्ट्रात मडावी, मंडल्याकडे मरावी, बस्तरकडे मंडावी: एकच नाव तीन लेखण्यांतून उतरले की असे होते.

हे फरक यात्रेत गोड वाटतात. कचेरीत ते तसे वाटत नाहीत. मडावी आज माझ्या वर्गात आहे याचे कारण त्याचे एक वर्ष गेले, हे आहे. त्याचे पणजोबा ज्या शाळेत चार इयत्ता शिकले तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरात गुरुजींनी त्यांचे नाव, वडिलांचे नाव आणि त्यापुढे ‘गोंड’ एवढेच लिहिले. कुळाचे नाव विचारलेच नाही. पुढच्या पिढीत एका काकांचे मडावी झाले, दुसऱ्यांचे मंडावी. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. त्यापूर्वीचा कागद पडताळणीत सर्वांत वजनदार मानतात. २००० सालच्या कायद्याने महाराष्ट्रात ही पडताळणी समितीकडे आहे. आता विपर्यास पाहा. ज्या गुरुजींनी कुळ पुसून टाकले त्यांनीच लिहिलेला ‘गोंड’ हा शब्द त्याचा सर्वांत मोठा पुरावा ठरत होता. आणि त्याच ओळीत आडनाव नसल्यामुळे तो माणूस याचाच पणजोबा, हे सिद्ध होत नव्हते. वंशावळ, प्रतिज्ञापत्रे, गावातील जाणत्यांचे जबाब, सातबाराचे जुने उतारे. वैधता प्रमाणपत्र आले तेव्हा ज्या अभ्यासक्रमासाठी ते हवे होते त्याचे प्रवेश बंद झाले होते. तो आता इतिहास घेऊन बी. ए. करतो आहे आणि आमच्यापेक्षा चांगले गुण मिळवितो. पण म्हणून ते वर्ष गेले नाही असे होत नाही.

हजेरीपटावरून आठवले. अमेरिकेत गुलामीतून सुटलेल्या एका मुलाने शाळेच्या पहिल्या दिवशी पाहिले की इतर सर्वांना निदान दोन नावे आहेत, आपल्याला एकच. त्याची पाळी आली तेव्हा त्याने शांतपणे ‘बुकर वॉशिंग्टन’ असे सांगितले. हेच पुढे बुकर टी. वॉशिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आले. वॉशिंग्टन हे आडनावही लांजेवारांसारखेच गावाचे. इंग्लंडच्या जुन्या डरहॅम परगण्यात त्या नावाचे खेडे होते. बाराव्या शतकात विल्यम नावाच्या एका सरदाराला तिथली जहागीर मिळाली आणि त्याने जुने नाव टाकून गावाचे घेतले. त्याच्या वंशात जॉर्ज वॉशिंग्टन झाले. पण अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत हे आडनाव लावणारे जे सुमारे १ लाख ६३ हजार लोक निघाले, त्यांतले ९० टक्के कृष्णवर्णीय होते. गाव इंग्रजांचे, नाव लावणारे बहुतेक आफ्रिकेतून पकडून आणलेल्यांचे वंशज. त्यांच्या खऱ्या कुळांची नावे कोणत्याही रजिस्टरात लिहिली गेली नाहीत. मडावीला मी हे सांगितले. तो म्हणाला, “आमच्या गुरुजींनी पुसलं, पण आजाच्या तोंडी होतं म्हणून वाचलं.”

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी लांजीला जाऊन आलो. किल्ल्याची तटबंदी पाहिली. बाजारात चहा घेताना दुकानदाराने कुठून आलात म्हणून विचारले. मी गाव सांगितले आणि थोड्या ऐटीत आडनावही सांगितले. त्याच्यावर काहीच परिणाम झाला नाही. त्याने पैसे घेतले, सुटे परत केले आणि त्या दिशेची बस किती वाजता सुटते ते सांगितले.

आता मडावी आणि मी मिळून एक वही केली आहे. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची आडनावे, ती घरातल्या जुन्या कागदांवर ज्या ज्या प्रकारे लिहिली गेली ती सारी रूपे, आणि घरातले वडीलधारे सांगतात ते गाव किंवा कूळ, असे तीन रकाने आहेत. जातीचा रकाना ठेवलेला नाही. आतापर्यंत एकशे बारा नावे झाली; सर्वांत जास्त रूपे उईके या नावाची मिळाली. प्राध्यापकवर्गापैकी फक्त दोघांनी माहिती दिली आहे. वही ग्रंथालयातील वृत्तपत्रांच्या टेबलावर असते. पेन मात्र सोबत आणावे. बांधून ठेवलेले दोन गेले.