पीण्याची शेड आणि मौना केआचा माथा

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या एखाद्या टूलरूममध्ये शिरा. कुणीतरी कारागीर लेथवरून उतरवलेला जॉब मायक्रोमीटरमध्ये धरून डोळे बारीक करून बघत असेल. ड्रॉइंगवर दहा मायक्रॉनची सूट असेल तर अकरावा मायक्रॉन चालत नाही, जॉब बाद. माणसाचा केस साधारण सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून काय ते समजा. पण याच शहराच्या पूर्वेला होसकोट्याजवळ, भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या आवारात, आरशांना पॉलिश करण्यासाठी जी खास सोय उभारली आहे, तिथे मायक्रॉनसुद्धा ढोबळ ठरतो. तिथला हिशेब नॅनोमीटरचा, म्हणजे मायक्रॉनच्या हजाराव्या भागाचा.

हे आरसे आहेत ‘थर्टी मीटर टेलिस्कोप’चे. तीस मीटर व्यासाचा एकसंध आरसा ओतणं, घासणं आणि डोंगरावर चढवणं कुणाच्याच आवाक्यातलं नाही. म्हणून तो 492 षटकोनी तुकड्यांचा करायचा. प्रत्येक तुकडा 1.44 मीटरचा, शेजारच्यापासून जेमतेम अडीच मिलिमीटर अंतरावर. मोठ्या आरशाचा बाक सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे तुकडेही सारखे नाहीत. त्यांचे 82 प्रकार आहेत, प्रत्येकी सहा नग. काचेची जाडी फक्त 45 मिलिमीटर. ती स्वतःच्याच वजनाने वाकू नये म्हणून मागच्या आधाराची चौकट तिचा भार 27 ठिकाणी वाटून घेते. दुर्बीण कलली, वारा आला, रात्री गारठा वाढला की प्रत्येक तुकड्यामागचे तीन अ‍ॅक्चुएटर त्याला काही नॅनोमीटर पुढे-मागे सरकवणार. शेजारचा तुकडा किती हलला हे कडेवरचे सेन्सर सांगणार. अ‍ॅक्चुएटर झाले 1476, सेन्सरच्या जोड्या 2772. यातल्या बऱ्याच वस्तू भारतात बनायच्या आहेत. 2014 च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे 1300 कोटी रुपयांना मंजुरी दिली, त्यातला मोठा वाटा रोख रकमेऐवजी वस्तूंच्या रूपात द्यायचा होता. बंगळूरच्या संस्थेबरोबर पुण्याची आयुका आणि नैनितालची एरीज या संस्थाही यात आहेत. आपल्या देवस्थळच्या दुर्बिणीचा आरसा 3.6 मीटरचा. तीस मीटरचा आरसा त्याच्या जवळजवळ सत्तरपट प्रकाश गोळा करील.

एवढं सगळं जमलं आहे आणि दुर्बीण मात्र उभी राहिलेली नाही. अडलं आहे ते डोंगरावर.

डोंगरच का लागतो? ताऱ्याचा प्रकाश हजारो वर्षं निर्वेध प्रवास करून येतो आणि शेवटच्या काही किलोमीटरांत हवेच्या थरांत अडखळतो. तारा लुकलुकतो तो यामुळेच. बाष्प अवरक्त प्रकाश गिळतं, क्ष-किरणांना तर हवा जमिनीपर्यंत येऊच देत नाही. म्हणजे कुठला प्रकाश बघायचा त्यावरून जागा ठरते. हा धडा पीण्याने फार आधी गिरवला आहे. 1970 च्या दशकात प्रा. यू. आर. राव यांच्या चमूने इथल्या साध्या औद्योगिक शेड्समध्ये ‘आर्यभट’ हा भारताचा पहिला उपग्रह बांधला. सव्वीस पैलूंचा, 360 किलोंचा. 19 एप्रिल 1975 रोजी तो सोव्हिएत रॉकेटवरून गेला, आणि त्यात आकाशातले क्ष-किरण टिपणारं उपकरण होतं. बंगळूरमध्ये त्याची माहिती घ्यायला जागा नव्हती, तेव्हा एका स्वच्छतागृहाचं केंद्र करण्यात आलं! वीजपुरवठा बिघडल्याने प्रयोग काही दिवसांतच थांबले, पण शेडमधून थेट अवकाशात डोळा नेता येतो हे कळलं. (तीस मीटरचा आरसाही तसाच वर का नेत नाहीत? जेम्स वेबचा साडेसहा मीटरचा आरसा अवकाशात न्यायला सुमारे हजार कोटी डॉलर लागले.)

दृश्य आणि अवरक्त प्रकाशासाठी जमिनीवरच्या उत्तम जागांपैकी एक म्हणजे हवाईचा मौना केआ. माथा 4207 मीटरवर, सुमारे चाळीस टक्के वातावरण पायाखाली. ढग खालच्या थरात अडकून राहतात. भोवती हजारो किलोमीटर समुद्र, त्यामुळे वारा न गडबडता संथ वाहत येतो. 2009 साली दुर्बिणीसाठी हीच जागा ठरली.

पण हवाईच्या मूळ लोकांच्या लेखी तो आकाशपिता वाकेआचा डोंगर. हिमदेवी पोलिआहू तिथली. वरच्या वाइआऊ तळ्याशी पिढ्यान्‌पिढ्या नवजात बाळांची नाळ नेऊन ठेवलेली, उतारांवर पूर्वजांची दफनं. आपल्याकडे कळसूबाईच्या देवळाशेजारी अठरा मजली उंचीचा घुमट बांधायचं ठरलं, तर गावोगावच्या लोकांना काय वाटेल? त्यात जुनं दुखणं आहेच. 1893 साली तिथली राणी पदच्युत झाली, 1898 मध्ये बेटं अमेरिकेत गेली. 1968 साली राज्याने माथ्याची जमीन हवाई विद्यापीठाला 65 वर्षांसाठी वर्षाला एक डॉलर भाड्याने दिली. मग दुर्बिणी एकामागून एक चढत तेरा वेधशाळा झाल्या. तीस मीटरची दुर्बीण ही त्या रांगेतली सगळ्यात मोठी ठरणार.

ऑक्टोबर 2014 मध्ये भूमिपूजनाच्या दिवशीच लोकांनी वाट अडवली. 2015 च्या एप्रिलमध्ये 31 जणांना अटक झाली, डिसेंबरात हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाचा परवाना रद्द केला. नव्याने सुनावणी झाली आणि 2018 मध्ये त्याच न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने परवाना कायम केला. कागद पूर्ण झाला. तरी जुलै 2019 मध्ये यंत्रं निघाली तेव्हा ‘कुपुना’, म्हणजे वडीलधारी माणसं, रस्त्यावर बसून होती. पोलिसांनी तीसहून अधिक जणांना नेलं. दुसऱ्या दिवशी गर्दी आणखी वाढली.

या भांडणाला ‘विज्ञान विरुद्ध श्रद्धा’ म्हणणं मला आळशीपणाचं वाटतं. पॉलिनेशियन नाविक प्रशांत महासागरातल्या या बेटांवर पोचले ते तारे वाचत. 1976 साली ‘होकुलेआ’ या जोडनावेतून माऊ पिआइलुग यांनी होकायंत्राशिवाय हवाईहून ताहिती गाठलं आणि ही विद्या पुन्हा सिद्ध केली. आणि पीण्यात काय चालतं? इथल्या इस्रोच्या प्रकाश-विद्युत प्रयोगशाळेत ‘स्टार सेन्सर’ बनतात. उपग्रहावरची ती चिमुकली दुर्बीण समोरच्या ताऱ्यांची रचना ओळखते आणि आपलं तोंड कुठे आहे ते सांगते. नावाड्याची तीच विद्या, काचेत आणि चिपमध्ये उतरवलेली. आकाशाशी इतकं जुनं नातं असलेल्या लोकांना विज्ञानाचे शत्रू ठरवून काय मिळवलं?

त्यांची मागणी साधी होती: आमच्या डोंगरावर आमची परवानगी. विद्यापीठाची, न्यायालयाची परवानगी घेतली गेली, ती पुरली नाही. पर्यायी जागा म्हणून स्पेनच्या ला पाल्मा बेटाचं नाव घेतलं जातं. तो डोंगर कमी उंचीचा, हवा तितकी कोरडी नाही. जानेवारी 2020 मध्ये भारताच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांनीही पर्यायी जागेला पसंती दिली होती. 2025 मध्ये अमेरिकी सरकारने या दुर्बिणीला पुढच्या टप्प्यात नेणार नसल्याचं अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात सांगितलं आणि स्पेनने 40 कोटी युरोपर्यंत मदत देऊ केली.

हवाईतही काही बदललं आहे. 2022 च्या कायद्याने मौना केआसाठी वेगळं प्राधिकरण नेमलं गेलं. त्यात वेधशाळांचा प्रतिनिधी आहे, तशीच डोंगराशी परंपरेने जोडलेली माणसंही. माथ्याचा पूर्ण कारभार या प्राधिकरणाकडे 1 जुलै 2028 ला जायचा आहे, आणि विद्यापीठाचा तो एक डॉलरचा भाडेपट्टा 2033 साली संपतो. भारत या प्रकल्पाचा भागीदार आहे, नुसता सुटे भाग पुरवणारा नाही. प्राधिकरण जो निर्णय देईल, होकार असो वा नकार, तो आम्हाला मान्य आहे, असं भारताने आजच जाहीर करावं.