होम स्टुडिओ करताय? फोम घेण्याआधी खोली समजून घ्या

पहिला पॉडकास्ट रेकॉर्ड केला आणि आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला. मी लगेच एक इंची फोम मागवून भिंतींवर चिकटवला. डबा तसाच राहिला, वर शेजारचा मिक्सरही ऐकू येत राहिला!

पैसे गेल्यावर कळलं: बाहेरचा आवाज अडवणं आणि खोलीत घुमणारा आवाज शोषणं ही दोन वेगळी कामं आहेत. फोम फक्त दुसरं काम करतो. पातळ असेल तर तेही वरच्या, तीक्ष्ण आवाजापुरतंच.

गडबड कुठे होते?
माझी खोली 10 बाय 10 फूट. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर. या हिशोबाने समोरासमोरच्या भिंतींमध्ये 56 हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले 112, 168 हर्ट्झ असे आवाज अडकून फुगतात. खोली चौरस, म्हणून लांबी-रुंदी दोन्हीकडून तेच आकडे. त्यात माझा माइक बरोबर मध्यभागी! तिथे यातले काही आवाज दबतात, काही फुगतात.

मग काय करायचं?
- माइक मध्यातून आणि कोपऱ्यातून हलवा. वेगवेगळ्या जागी रेकॉर्ड करून ऐका.
- बोलताना पाठीमागे कपड्यांचं उघडं कपाट किंवा जाड रजई असू द्या.
- बजेट असेल तर कोपऱ्यांत रॉकवूलचे चार इंची पॅनल, कापडात नीट गुंडाळून.
- शेजारचा मिक्सर? दाराखालची फट बुजवा, नाहीतर रात्री रेकॉर्ड करा.

माझा डबा शेवटी रजईने आणि माइक तीन फूट सरकवल्याने बराच गेला. खर्च शून्य. आधी टाळी वाजवून खोली ऐका, मग कार्ट भरा.