अर्ज परत आला म्हणून थांबू नका

आमच्या कळंबच्या मुली एस.टी.ने कॉलेजला जातात. सकाळी घर सोडलेली मुलगी दुपार टळल्यावर परतते. मधल्या वेळेत पाळी आली तर तिने काय करावे?

मी शिकत होते त्या कॉलेजात मुलींच्या संडासात पाणी नव्हते, दाराला कडी नव्हती, पॅड टाकायला डबा नव्हता. म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नसत, लघवी रोखून धरत. पाळीच्या दिवसांत तर घरीच राहत. लघवीची जळजळ आणि ताप अशानेच मागे लागतो.

आम्ही सहा जणींनी अर्ज लिहिला. वर्गावर्गांत फिरून सह्या घेतल्या. विषय वाचताच अर्ज परत सरकवण्यात आला. "असले विषय चारचौघांत काढायचे नसतात," असे ऐकवले गेले. आम्ही लावलेला आरोग्याचा तक्ता दुसऱ्या दिवशी फाडलेला दिसला. दोघींच्या घरी निरोप गेला, त्यांनी आमच्यात येणे सोडले. पुढे परीक्षा आली आणि सारे विरले.

त्या रात्री मी रडले. आई दिवसभर कांद्याच्या रानात वाकून आली होती. ती म्हणाली, "आम्हाला तर मागायचं असतं हेच ठाऊक नव्हतं."

पण भगिनींनो, मागणारी पहिली मुलगी आम्ही नव्हतो. 1855 साली फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई साळवे या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. घरावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या आपल्या बायांचे हाल तिने त्यात मांडले. औषधाला पैसे कोठून आणायचे, हेही विचारले. तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती.

परमपूज्य बाबासाहेबांनाही हार पाहावी लागली. 1928 साली त्यांनी मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या सवलतींना पाठिंबा दिला आणि 1929 मध्ये कायदा झाला. पण 10 नोव्हेंबर 1938 रोजी संततिनियमनाचा ठराव आला तेव्हा बाजूने फक्त 11 मते पडली, विरोधात 52. बाबासाहेब त्या दिवशी सभागृहात नव्हते. त्यांनी तयार केलेले भाषण त्यांचे सहकारी पी. जे. रोहम यांनी मांडले. पुढे 1952 मध्ये देशाने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. सभागृहात हरलेला विचार चौदा वर्षांनी सरकारलाच उचलावा लागला.

आमचे चुकले कोठे, हे आता कळते. अर्जाची नक्कल ठेवली नाही, तोंडी नकारावर परत फिरलो, लेखी पोच मागितली नाही. सहाही जणी शेवटच्या वर्षाच्या, मागे काम सोपवायला खालच्या वर्गातली एकही मुलगी नाही. सर्वांत मोठी चूक म्हणजे त्या अर्जावर एकाही आईबापाची सही नव्हती. मुलींना गप्प करणे म्हणूनच सोपे गेले.

तेव्हा येत्या रविवारी विहारात वंदना झाली की आपल्या लेकीला विचारा, तुझ्या शाळेच्या संडासात पाणी आहे का? नसेल तर तिला अर्ज लिहू द्या. तिच्या सहीखाली आईची सही हवी, बापाचीही हवी. सही येत नसेल तर अंगठा चालेल.

जयभीम!