माळी कामावर आहे का?

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या वांकिडीहून दक्षिणेकडे निघणाऱ्यांची यादी ठरलेली असते: हैदराबाद, बेंगळुरू, म्हैसूर, उटी. कागजनगरला जाऊन भाग्यनगर एक्स्प्रेस धरायची, सिकंदराबादला उतरायचं, पुढे ट्रॅव्हल्सची बस. चारही गावांत एकेक नामांकित बाग असतेच आणि तिच्या वाट्याला पाऊण तास येतो. तेवढ्यात ताटव्यापुढे फोटो निघतात, पोरांची भेळ होते आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागतो. वर्षभर साग, मोह आणि पळस अंगणातून दिसत असताना तिकीट काढून झाडं बघायला जायचं, यावर गावात थट्टा होते. मला ती पटत नाही. जंगलाला कुणी रोज पाणी घालत नाही. बागेला घालावं लागतं. बघण्यासारखं असतं ते हेच.

म्हणून जुन्या बागेत शिरताना मी आता दोन चौकशा करतो. पाणी कुठून येतं? आणि इथे शोभेपलीकडे काम काय चालतं? राजाच्या मनोरंजनापुरती केलेली बाग राजा गेल्यावर फार काळ तग धरत नाही. जिथे रोपं, फळं, बियाणं, औषधं असं काहीतरी चालू राहिलं, तिथे माळ्याचा पगार चालू राहिला आणि बागही राहिली. दक्षिणेत फिरताना या समजुतीला धक्का देणारी उदाहरणं क्वचितच भेटली.

हैदराबादेतच सुरुवात करू. या शहरात बशीरबाग, मूसारामबाग, बागलिंगमपल्ली, किशनबाग अशी नावं सिटी बसच्या पाट्यांवर वाचत जावं आणि खिडकीबाहेर फक्त फ्लायओव्हर दिसावा, हे नेहमीचंच. कोठीजवळचा जामबाग मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा, कारण १९०७ साली सुरू झालेली विवेकवर्धिनी तिथलीच. केशवराव कोरटकर आणि वामन नाईक यांच्या पिढीने उभी केलेली ही शाळा निजामाच्या राज्यात मराठी शिक्षणाचा मोठा आधार होती. जामबागेत बाग उरली नाही, पण फुलांचा बाजार बरीच वर्षं होता. मोठा घाऊक व्यवहार पुढे गुडीमलकापूरला गेला. शेवंती-झेंडूचे ढीग बघायचे असतील तर पहाटे तिथे जावं. सजवलेल्या कुठल्याही उद्यानापेक्षा तिथे जास्त रंग दिसतात.

नामपल्लीचा बाग-ए-आम, म्हणजे पब्लिक गार्डन्स, १८४६ चा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सर्वसामान्यांसाठी बाग ही कल्पना या भागात नवीच होती. आज मात्र ती इमारतींनी आतून पोखरली गेली आहे. टाऊन हॉल १९१३ साली पुरा झाला, तिथे आता विधिमंडळ आहे. १९३७ चा जुबिली हॉल, पुराणवस्तू संग्रहालय, बालभवन, खुलं नाट्यगृह, असं एकेक येत गेलं. प्रत्येक इमारतीला कारण होतं आणि प्रत्येक वेळी थोडी हिरवळच गेली. संग्रहालयात इजिप्तची एक ममी आहे. बागेत येणाऱ्या शाळांच्या सहली झाडं सोडून आधी तिच्याकडे धावतात, आणि त्यात पोरांचा दोष नाही. सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते, म्हणून बागेचा धाक अजून थोडा टिकून आहे.

गोवळकोंड्याला गेलेले बहुतेक जण टाळी वाजवून बालाहिसारवर चढतात आणि परततात. नया किल्ला राहून जातो. १६५६ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंड्याला वेढा घातला, त्यानंतर तटाबाहेरची कमजोर बाजू आत घेऊन हा भाग बांधला गेला. तिथे कुतुबशाही बागेचे चर, हौज, कारंज्यांच्या जागा उत्खननात उघड्या झाल्या. त्याच आवारात आज गोल्फचं मैदानही आहे. सरकारी पाणी कुठल्या हिरवळीला जास्त मिळतं, हे उन्हाळ्यात नुसतं उभं राहून बघितलं तरी कळतं.

तिथली गोरखचिंच मात्र चुकवू नये. मुल्ला खयालीच्या मशिदीशेजारी हे आफ्रिकेतलं झाड शेकडो वर्षं उभं आहे. लोक त्याला हत्तियान का झाड म्हणतात. बुंध्याचा घेर सुमारे २७ मीटर. साल करडी, गुळगुळीत, जागोजागी हत्तीच्या गुडघ्यासारख्या घड्या पडलेली, आणि हाताच्या उंचीपर्यंत प्रेमवीरांची नावं कोरलेली. खोड आतून पोकळ आहे. वर चढून आत उतरणारी धाडसी पोरं पूर्वी होती म्हणतात. पान गळलेल्या दिवसांत गेलात तर झाड मेलं की काय असं वाटेल. ते तसं नसतं. एवढ्या खोडात पाणी साठवूनच ते उन्हाळा काढतं. बागेचे सगळे पाट बुजले आणि हे एकटं टिकलं, यामागचं कारणही तेच.

जवळच कुतुबशाही मकबऱ्यांचा परिसर आहे, सुमारे १०६ एकरांचा. आगाखान ट्रस्ट फॉर कल्चर आणि राज्याचं पुरातत्त्व खातं यांनी २०१३ पासून तिथे जे काम केलं, ते २०२४ मध्ये पुरं झालं. घुमटांच्या चुन्याबद्दल खूप लिहिलं गेलं. माझं लक्ष बावड्यांकडे गेलं. बडी बावडीचा एक भाग पावसात कोसळला होता. तो बांधून काढला, गाळ उपसला, आणि आता पावसाचं पाणी त्या जुन्या विहिरींत साठतं. बाग त्यावर पोसली जाते. आधी विहीर, मग हिरवळ, हा क्रम पाळलेली जीर्णोद्धाराची कामं फार नाहीत.

हैदराबादेतली माझी सगळ्यात आवडती जागा बाग म्हणून कुणी दाखवत नाही. उस्मानिया दवाखान्याच्या आवारात, एके काळच्या अफजल पार्कात, एक चिंच आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला पूर आला, हजारो माणसं गेली. या चिंचेवर चढलेले दीडशेच्या आसपास जीव वाचले. पुरानंतर निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांच्या सल्ल्यातून उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे जलाशय झाले, शहराचा पूर आवरला आणि शहराला पिण्याचं पाणी मिळालं. त्या चिंचेखाली आज पेशंटांचे नातेवाईक डबे सोडून बसलेले असतात. सावली हवी म्हणून ते तिथे येतात. पुराची हकिकत ठाऊक असलेले त्यांत थोडेच असणार.

हैदराबादचं आणि औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं, राज्य १९५६ पर्यंत एकच होतं. त्या वर्षी भाषेप्रमाणे वाटण्या झाल्या. आदिलाबाद जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट महाराष्ट्रात गेले, वांकिडी आंध्रात राहिलं, घरात मराठी तशीच राहिली. त्यामुळे औरंगाबादच्या बागा आम्हाला परक्या वाटत नाहीत. दक्षिणेच्या सहलीत त्या धरल्या जात नाहीत हे मला नेहमी खटकतं.

बीबी का मकबरा १६६० च्या सुमाराचा, आजमशाहाने आई दिलरस बानूसाठी बांधवलेला. दरवाज्यावर अताउल्ला आणि हंसपतराय ही बांधणाऱ्यांची नावं आहेत. ताजमहालाची नक्कल म्हणून त्याला नाक मुरडण्याची पद्धत आहे. इमारतीपुरतं ते खरं धरलं, तरी सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद आवारातली चारबागेची आखणी स्वतःच्या पायावर उभी आहे. मधल्या लांब हौजातली कारंजी कोरडी असली की सगळी मांडणी मुकी होते. मग पाणचक्कीवर जावं. डोंगराकडून खापरी नळांतून आलेलं पाणी तिथे उंचावरून पडतं, त्यावर पूर्वी दर्ग्यातल्या लोकांसाठी दळण होई. मलिक अंबराने या शहरात नहरींची जी व्यवस्था घातली तिचा हा पुढचा विस्तार. बागा नहरीच्या तोंडाशी होत्या, म्हणून होत्या.

खरी थांबण्याची जागा हिमायतबाग. मोगल काळातली ही बाग आज परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राकडे आहे. ताटवे नाहीत, म्युझिकल फाउंटन नाही, सेल्फी पॉइंट नाही. पावसाळ्यात आंब्याची कलमं बांधताना बघावं. कोय रुजून आलेला कोवळा, तांबूस पानांचा कोंब वीतभरावर छाटतात, वरून उभी चीर देतात, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. सराईत हाताला एका कलमाला मिनिटही लागत नाही. मोसंबीचं तंत्र वेगळं: जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर साल उचलून डोळा भरतात. शहराच्या मधोमध एवढी मोक्याची जमीन बिल्डरांच्या तावडीतून सुटली, ती इतिहासाच्या प्रेमापोटी सुटली असं मला वाटत नाही. तिथे रोज सकाळी कामाला माणसं येतात, म्हणून सुटली.

उलट उदाहरण अहिल्यानगरचं. निजामशाहीतला फराहबाग १५८३ मध्ये पुरा झाला. मोठ्या तलावाच्या मधोमध उभारलेला दुमजली महाल, भोवती बाग, शहराला खापरी नळांचं पाणी. आज तलाव कोरडा आहे, महालाच्या कमानी उभ्या आहेत आणि भोवताली बाभळी. जाऊन यावं, पण बाग बघायला म्हणून नव्हे. पाणी तुटल्यावर काय होतं ते बघायला.

आता बेंगळुरू. लालबाग हैदरअलीने १७६० मध्ये सुरू केली, शिऱ्याच्या मोगल बागेवरून त्याला कल्पना सुचली असं सांगतात. टिपूने देशोदेशीची रोपं आणवली. १८५६ मध्ये ती सरकारी वनस्पती उद्यान झाली आणि खरी गंमत तिथून सुरू होते. १८७४ पासून १९०८ पर्यंत जॉन कॅमेरॉन तिथे होता. ज्याला आपण चौचौ म्हणतो आणि कानडीत सीमेबदनेकाई म्हणतात ती फळभाजी बेंगळुरूच्या स्वयंपाकघरात आली ती त्याच्यामुळे. काचघराचा पाया १८८९ चा. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाची पुष्पप्रदर्शनं तिथेच भरतात. प्रदर्शनाच्या गर्दीत मान वर करून ते ओतीव लोखंडाचं काम नीट बघता येत नाही, म्हणून शक्य तर त्या दिवसांत जाऊच नये.

कॅमेरॉननंतर आलेला गुस्ताव्ह क्रुंबिगेल हा जर्मन माणूस आपल्याला जवळचा, कारण लंडनच्या क्यू बागेतून त्याला १८९३ मध्ये हिंदुस्थानात आणलं ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. पंधरा वर्षं गायकवाडांच्या बागा सांभाळून तो १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात गेला. रस्त्याकडेची झाडं अशी निवडायची की एकाचा बहर ओसरताना दुसऱ्याचा सुरू व्हावा आणि शहर बारा महिने कुठेतरी फुललेलं असावं, ही त्याची पद्धत. वसंतात बेंगळुरूच्या टॅबेबुयांचे फोटो आपल्या व्हॉट्सअॅपवर येतात, त्यामागे त्याने आणि त्याच्या मागून आलेल्या बागशास्त्र्यांनी बसवलेलं हे गणित आहे. दोन महायुद्धांत जर्मन म्हणून त्याच्यावर बंधनं आली. तरी तो परत गेला नाही; १९५६ मध्ये बेंगळुरूतच वारला.

त्याच क्रुंबिगेलचा हात कृष्णराजसागरच्या वृंदावन बागेला लागला. धरण १९३० च्या आसपास पुरं होत असताना दिवाण मिर्झा इस्माईल यांनी काश्मीरच्या शालिमारसारखी पायऱ्यापायऱ्यांची बाग त्याच्या पायथ्याशी करवली. वृंदावनबद्दल अधिक सांगण्यासारखं नाही. संध्याकाळचे दिवे सगळ्यांनी हिंदी सिनेमात बघितलेत. आपल्याकडे त्याच धर्तीवर जायकवाडीच्या पायथ्याशी पैठणला संत ज्ञानेश्वर उद्यान झालं. एकेकाळी मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेची सहल तिथे जायची. पुढे रया गेली. मोठं धरण डोक्यावर असून बाग सुकते, तेव्हा पाणी आहे पण माळी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

उटीच्या वनस्पती उद्यानाची सुरुवात तर शोभेतून झालीच नाही. १८४५ च्या सुमारास तिथल्या गोऱ्या रहिवाशांनी वर्गणी काढून स्वस्तात भाजी मिळावी म्हणून मळा घातला. १८४८ पासून विल्यम मॅकआयव्हरने त्याची आखीव बाग केली, आणि त्याच माणसाने निलगिरीत सिंकोनाची लागवड उभी केली. तापावरचं क्विनाइन त्या सालीतून निघतं. मेमधला फुलांचा शो टाळून पावसाळा सरता सरता गेलात तर बागेच्या वरच्या अंगाला तोडांचा मंद, त्यांची छोटी वस्ती, निवांतपणे दिसेल. बाग त्यांच्या कुरणावर आली, हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

तंजावरला भोसल्यांची गादी होती. दुसरे सरफोजी (१७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महालात औषधं तयार करवली, त्यासाठी वनौषधी लावल्या, आणि झाडांची, पक्ष्यांची नेमकी रंगचित्रं काढवून घेतली. त्यातली काही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. औषधी बाग राहिली नाही. बृहदीश्वराला लागून असलेली शिवगंगा बाग नगरपालिकेने १८७१-७२ मध्ये केली. मंदिर बघून दमलेल्या माणसाला ती बरी वाटते. सरस्वती महाल ग्रंथालयात मात्र पुरा दिवस द्यावा.

परतताना बेंगळुरू-हैदराबाद हमरस्त्याजवळ महबूबनगर लागतं. तिथला पिल्ललमर्री नावाचा वड सुमारे सातशे वर्षांचा मानतात, पसारा तीनेक एकरांचा. २०१७ च्या शेवटाला त्याची मोठी फांदी मोडली. वाळवीने खोड खाल्लं होतं. अधिकाऱ्यांनी प्रवेश बंद केला, फांद्यांखाली सिमेंटचे खांब दिले, मुळांना नळ्या लावल्या आणि दवाखान्यात लटकवतात तशा सलाइनच्या बाटल्या शेकड्यांनी फांद्यांना टांगून पातळ केलेलं कीटकनाशक थेंब थेंब सोडलं. दर बाटलीची सुई नीट बसली का, थेंब पडतो का, हे बघायला माणसं नेमली होती. वर्षानुवर्षं फांद्यांवर झोके घेणाऱ्या पर्यटकांना आत घेतलं गेलं ते त्यानंतर, बऱ्याच काळाने.