विश्लेषण : भूकंपात आपत्ती व्यवस्थापन कुठे कमी पडते?

४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास गडचिरोली, चंद्रपूर जिल्ह्यांत जमीन हादरली. भूकंपाचे केंद्र तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात होते, तीव्रता ५.३. मोठी हानी टळली. पण एटापल्लीसारख्या दुर्गम तालुक्यासाठी तो इशाराच होता.

येथे भूकंप कशामुळे?

मुलुगू ते सिरोंचा हा पट्टा गोदावरीच्या खचदरीत येतो. तेथील खडकांतल्या जुन्या भेगांवर साचलेला ताण अधूनमधून मोकळा होतो. १९६९ मध्ये भद्राचलम परिसरही असाच हादरला होता. एटापल्ली या पट्ट्यापासून फार लांब नाही.

जीव कशाने जातात?

बहुतेक बळी कोसळणाऱ्या घरांचे असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे ८ हजार माणसे दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीच्या जड छतांखाली गाडली गेली. हा भाग तोवर कमी धोक्याचा मानला जात होता. २०१० मध्ये हैतीत ७.० तीव्रतेच्या भूकंपाने लाखाहून अधिक बळी घेतले. त्याच वर्षी चिलीत ८.८ तीव्रतेला सुमारे ५०० जण दगावले. हैतीत केंद्र राजधानीजवळ होते हे खरे. पण चिलीत बांधकामाचे नियम कडक होते आणि पाळलेही जात होते.

यंत्रणा का अपुरी पडते?

२००५ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि आराखडा दिला. मात्र पूर दरवर्षी येतो, म्हणून तयारी पुराची होते. भूकंप पिढीतून एखादा, म्हणून तो मागे पडतो. शिवाय ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी पहिले काही तास निर्णायक असतात. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपुरात आहे. जिल्ह्याचे ठिकाणच एटापल्लीहून शंभर किलोमीटरहून अधिक दूर. मदत येईपर्यंत ढिगारा उपसायचा तो शेजाऱ्यांनीच.

काय करता येईल?

घरकुल बांधतानाच जोते, दरवाजा-खिडक्यांची वरची पातळी आणि छत येथे भिंतीभोवती सळईचा सलग काँक्रीट पट्टा घालता येतो. त्यासाठी गावातल्या गवंड्यांना प्रशिक्षण हवे. आश्रमशाळा आणि रुग्णालयांच्या इमारतींची तपासणी, गावातील तरुणांना बचाव व प्रथमोपचाराचा सराव, ही कामे भूकंपाआधीच व्हायला हवीत.